उकाईचे पाणी, बमरोलीचा दिवा

आमच्या बमरोलीत झोप मोडते ती आवाजाने नव्हे, आवाज थांबल्याने. रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रमागांचा खटखटाट येथील माणसाच्या कानांत इतका मुरलेला असतो, की मध्यरात्री वीज गेली आणि गल्लीतील सारी खाती एकदम गप्प झाली, म्हणजे तान्ही मुलेसुद्धा दचकून उठतात. मग अंधारात कोणीतरी विचारते, "लाईट गेली का?" आणि कोणीतरी उत्तर देते, "येईल." पाच-दहा मिनिटांनी, कधी तासाभराने, एकेक लूम पुन्हा सुरू होतो आणि सारा मोहल्ला निश्चिंत होऊन कूस बदलतो. वीज ही वस्तू डोळ्यांना दिसत नाही असे शाळेत शिकलो होतो. बमरोलीत ती कानांना मात्र स्पष्ट ऐकू येते.

ती कोठून येते, हा प्रश्न आम्हांला प्रथम पडला तो वडिलांच्या एका थट्टेमुळे. आमचे वडील खानदेशातून ताप्ती व्हॅलीच्या गाडीने सुरतेस आले, ते दुसऱ्याच्या खात्यात लूम चालविण्यासाठी. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरांत ही कथा थोड्याफार फरकाने अशीच असेल. आईचे माहेर नवापूरच्या बाजूस, तापीच्या खोऱ्यात. उकाईचे धरण १९७२ साली पूर्ण झाले आणि त्या जलाशयात, ज्याला सरकारदरबारी वल्लभसागर म्हणतात, आमचे आजोळ गेले. मामांना दुसरीकडे जमीन मिळाली. ती कशी होती हे येथे सांगत बसण्यात अर्थ नाही. पुढे १९७४ ते १९७६ या काळात धरणाच्या पायथ्याशी प्रत्येकी ७५ मेगावॅटची चार यंत्रे सुरू झाली, आणि एके दिवशी वडील जेवताना हसत म्हणाले, "ऐकलं का? तुमच्या माहेरच्या पाण्यावर आता आमचा लूम चालतो."

आई काही बोलली नाही. मात्र त्या दिवसापासून सांजवेळी बटण दाबून दिवा लावला, की ती नेहमीपेक्षा क्षणभर अधिक वेळ हात जोडून उभी राहू लागली. दिव्याला नमस्कार करण्याची रीत आपल्या घरोघरी आहे; त्यामुळे त्यात वेगळे काही आहे असे आम्हां भावंडांना वाटले नाही. पुष्कळ वर्षांनी तिने सहज सांगितले, "मी दिव्याला नाही रे, गावाला हात जोडते."

वडिलांची थट्टा शास्त्रदृष्ट्या पुरती खरी नव्हती, हे आम्ही नोकरीत लागल्यावर जाणले. उकाईची वीज, कोळशाची वीज आणि पुढे १९९३ पासून काकरापारच्या अणुभट्टीची वीज ही सारी एकाच जाळ्यात मिसळते. आपल्या लूमला मिळालेले युनिट कोणत्या घरचे, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. तरीही हिशेब करून पाहण्याजोगा आहे. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी ५० मीटरांवरून खाली सोडले आणि यंत्रांतील घट वजा केली, तर सुमारे एक अष्टमांश युनिट वीज होते. म्हणजे उकाईसारख्या धरणावर एका युनिटासाठी आठ हजार लिटर पाणी लागते. उलट कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून साडेचारशे मीटरांहून अधिक खाली कोसळते. तेथे हजार लिटरांतच एक युनिट निघते. कोयना १९६० मेगावॅटची आणि उकाई ३०० मेगावॅटची, यात उंचीच्या या फरकाचा वाटा मोठा आहे. जलविद्युतेत पाण्याइतकीच किंमत पाण्याच्या उडीला असते. आणि जेथे उडी कमी, तेथे तेवढीच वीज मिळविण्यासाठी पाणी अधिक साठवावे लागते. पाणी अधिक साठवायचे म्हणजे जमीन अधिक बुडवायची. आमच्या आजोळाचे गणित एवढ्या एका वाक्यात मावते.

सन १९८८ च्या सुमारास आम्ही तापीकाठच्या एका तालुक्याच्या कचेरीत होतो. एका दुपारी एक वृद्ध आदिवासी गृहस्थ आले. त्यांना त्यांच्या जुन्या शेताच्या सातबाराची नक्कल हवी होती. सर्व्हे नंबर त्यांना तोंडपाठ होता. आम्ही दप्तर पाहिले आणि सांगितले, "काका, ही जमीन संपादनात गेली. आता अशी जमीन नाही." ते म्हणाले, "आहे, साहेब. जेठात पाणी उतरतं तेव्हा बांधाचा दगड दिसतो. मी दरवर्षी जाऊन बघून येतो." आम्ही पुन्हा सांगितले की, दगड असेल, पण कागदावर जमीन नाही; आणि नियमाप्रमाणे नक्कल देता येणार नाही. ते थोडा वेळ उभे राहिले, मग राम राम करून निघून गेले.

आमचे बोलणे नियमाला धरून होते. आजही त्या जागी असतो तर नियम तोच सांगावा लागला असता. सायंकाळी घरी आल्यावर ही हकीकत आम्ही आईला काहीशा कौतुकाने सांगितली. त्या म्हाताऱ्याचा सर्व्हे नंबर कसा पाठ होता, दगड पाहायला तो कसा जातो, वगैरे. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "त्याला बसायला सांगितलंस का?"

आम्ही सांगितले नव्हते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही आईला उकाईस नेले. पाच किलोमीटरांच्या आसपास लांबीचा तो बांध, त्याचे बावीस दरवाजे, पलीकडे क्षितिजापर्यंतचे पाणी. आम्हांला वाटले, ती विचारील की आपले गाव कोणत्या दिशेला होते. आम्ही नकाशा पाहून उत्तर तयार ठेवले होते. तिने गावाचे नावही काढले नाही. तिने विचारले, "वीज कुठे होते?" आम्ही दूरून वीजगृहाची इमारत दाखविली. ती बराच वेळ तिकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "एवढीशीच?" त्या शब्दात तक्रार होती की नवल, हे आम्हांला त्या दिवशी कळले नाही. आजही खात्रीने सांगता येणार नाही.

गेली काही वर्षे जगभर जलविद्युतेविषयी नव्याने बोलले जात आहे. ती निर्मळ आहे, तिला इंधन लागत नाही, धूर होत नाही, म्हणून भावी काळ तिचा, असे एक पक्ष म्हणतो. ती नद्या मारते आणि माणसे उठवते, असे दुसरा म्हणतो. आमच्यासारख्या माणसाची अडचण अशी, की दोन्ही पक्ष आमच्याच घरात जेवायला बसत असत. म्हणून या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करावासा वाटतो.

आज जगात निर्माण होणाऱ्या एकूण विजेपैकी सुमारे सातवा हिस्सा पाण्यापासून मिळतो. सूर्य आणि वारा झपाट्याने पुढे येत असले, तरी पुनर्नवीकरणीय साधनांत एकटे पाणीच अद्याप सर्वांत मोठे आहे. नॉर्वेसारखा देश तर जवळजवळ सर्व वीज पाण्यावर काढतो. चीनचे थ्री गॉर्जेस धरण एकटे २२,५०० मेगावॅटचे आहे. त्यासाठी दहा लाखांहून अधिक माणसे हलवावी लागली. आपल्या देशात पाण्याचा वाटा विजेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी आहे. मोठ्या जलविद्युत प्रकल्पांना २०१९ साली केंद्र सरकारने पुनर्नवीकरणीय ऊर्जेच्या पंक्तीत बसविले. त्यापूर्वी तो मान २५ मेगावॅटपर्यंतच्या लहान प्रकल्पांनाच होता.

केवळ युनिटे मोजली तर पाणी कोळशाशी स्पर्धा करू शकत नाही. उकाईलाच पाहा. धरणाशेजारच्या औष्णिक केंद्राची क्षमता जलविद्युतेच्या तिपटीहून अधिक आहे. पण पाण्याचा एक गुण कोळशाजवळ नाही. कोळशाची भट्टी थंड पडली की तापायला अनेक तास लागतात. पाण्याचे यंत्र काही मिनिटांत फिरू लागते. आज गुजरातेत सौर वीज विपुल आहे. दुपारी ती उतू जाते आणि सायंकाळी, नेमके घरोघर दिवे लागतात तेव्हा, सूर्याबरोबर मावळते. त्या दोन-चार तासांत जाळे सावरून धरायचे काम पाणी फार चांगले करते. पुढील काळात पाण्याचे खरे महत्त्व किती वीज दिली यापेक्षा कोणत्या वेळी दिली यात राहील, असे आम्हांस वाटते. आमची आई सांजवेळीच हात जोडीत असे, हा योगायोग आम्हांला अलीकडे फार अर्थपूर्ण वाटू लागला आहे.

या कामासाठी प्रत्येक वेळी नवे खोरे बुडवावे लागते असे नाही. नगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघर येथे २००८ पासून २५० मेगावॅटचे केंद्र आहे. तेथे वर एक तलाव, खाली एक तलाव. जाळ्यात वीज स्वस्त व मुबलक असेल तेव्हा पाणी वर चढवायचे, आणि गरजेच्या वेळी खाली सोडायचे. त्यात चढविण्याचा खर्च उतरण्याच्या उत्पन्नापेक्षा थोडा अधिकच येतो. पण विजेची शिल्लक ठेवण्याची ती एक तिजोरीच आहे. उकाईच्या डाव्या कालव्यावर ५ मेगावॅटचे छोटे वीजगृह आहे. जे पाणी शेताकडे जायचेच आहे, तेच वाटेत वीज देऊन जाते. अशा सोयी ज्या धरणांवर, कालव्यांवर करता येतील तेथे आधी कराव्यात. आधी घरातील भांडी घासून वापरावीत आणि मग नवी घ्यावीत, हा साधा गृहिणीधर्म आहे.

महाराष्ट्राने हा व्यवहार फार लवकर पाहिला. टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. पुढल्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातील भातशेती घेण्याचे ठरले, तेव्हा १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी त्याच लढ्याने दिली. धरण झालेच. गिरण्या चालल्या. मावळातल्या माणसांची तांदळाची शेते गेली. मुंबईच्या गिरण्यांच्या जागी सुरतेचे लूम आणि मावळाच्या जागी तापीचे खोरे ठेवले, की गोष्ट आमची होते. कोयनेनेही वीज दिली, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने जलाशयाचे वजन जमीन कसे घेते हा प्रश्न साऱ्या जगातील शास्त्रज्ञांपुढे ठेवला. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला. म्हणजे मुळशीनंतर अर्धशतकाने, आणि कोयना व उकाई दोन्ही भरून झाल्यावर.

पाण्याचा दुसरा चेहरा आम्ही ऑगस्ट २००६ मध्ये पाहिला. वाचकांपैकी ज्यांनी तो पूर भोगला, त्यांना काही सांगायला नको. ७ ऑगस्टपासून उकाईतून सुमारे ९ लाख क्यूसेकपर्यंत पाणी सोडावे लागले. सुरतेतील तापीच्या पात्राला ते झेपणारे नव्हते. त्यात नारळी पौर्णिमेची भरती, त्यामुळे समुद्रही पाणी घेईना. शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. आमची बहीण अडाजणला राहते. ९ ऑगस्टला राखी होती, आणि ती मुलांसह गच्चीवर होती. खाली पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत पाणी. आम्ही नदीच्या अलीकडे मदतकार्याच्या ड्यूटीवर होतो. दूरध्वनी बंद, वीज बंद. ज्या पाण्याने आयुष्यभर वीज दिली, त्याच पाण्याने शहराची वीज घालवली. बमरोलीचे लूम कित्येक दिवस मुके होते, आणि त्या शांततेत कोणालाच झोप येत नव्हती.

धरण आधीच थोडे रिकामे का ठेवले नाही, हा प्रश्न त्या काळी साऱ्या गावाच्या तोंडी होता. दोष कोणाचा हे ठरविण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण प्रश्नाच्या मुळाशी असलेला पेच समजून घ्यायला हवा. विजेला आणि शेतीला धरण भरलेले हवे असते; पुरापासून बचाव करायला ते रिकामे हवे असते. उकाईची पूर्ण पातळी ३४५ फूट. पावसाळ्यात तिच्याजवळ लवकर पोहोचले तर वीज आणि पाणी निश्चित, पण मागून मोठा लोंढा आला तर जागा नाही. उशिरा पोहोचायचे ठरविले आणि भाद्रपद कोरडा गेला, तर पुढचे वर्षभर हाल. म्हणून कोणत्या तारखेला किती फुटांवर थांबायचे याचा नियम असतो. सुरतेची वर्तमानपत्रे ज्याला 'रूल लेव्हल' म्हणतात, तो हाच. जलविद्युत शाश्वत आहे की नाही, हे पुष्कळदा यंत्रांवर नव्हे, या तारखांच्या तक्त्यावर आणि तो पाळणाऱ्या माणसाच्या मनोबलावर अवलंबून असते. दोन फूट पाणी अधिक धरण्याचा मोह हा हजारो घरांचा प्रश्न असतो.

या बाबतीत आपण खानदेशी मंडळी शहरातील इतरांपेक्षा थोडी जाणती आहोत. भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले, की आपल्या घरी गावाकडून फोन येतो. प्रकाशाचे पाणी किती चढले, सारंगखेड्याला काय स्थिती, हे आपण विचारतो. आणि ते पाणी उकाईत येऊन मग आपल्या दारी येणार, हे आपल्याला ठाऊक असते. मुलताईला उगम पावलेली ही नदी ७२४ किलोमीटर चालून येथे समुद्राला मिळते. आपण ज्या वाटेने आलो, ती तिचीच वाट आहे.

हवामान आता पूर्वीसारखे राहिलेले नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडात चमोली येथे आलेल्या लोंढ्याने ऋषिगंगेचा प्रकल्प वाहून गेला. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिक्कीममध्ये हिमसरोवर फुटले आणि तिस्तेवरील चुंगथांगचे धरण उद्ध्वस्त झाले. जुन्या पावसाची आकडेवारी पाहून बांधलेली धरणे नव्या पावसाला कशी पुरणार, हा प्रश्न उकाईलाही लागू आहे. शिवाय नदी पाण्याबरोबर गाळ आणते. उकाईची मूळ साठवण सुमारे ८,५०० दशलक्ष घनमीटर होती. आज ती ७,४०० च्या आसपास धरली जाते. पाणी दरवर्षी नवे येते, पण जागा नवी होत नाही. उष्ण प्रदेशातील जलाशयांत कुजणाऱ्या वनस्पतींतून मिथेन वायू निघतो, तेव्हा 'धूर होत नाही' हे विधानही जपूनच करावे.

मग जलविद्युत नको म्हणावे काय? आमच्याच्याने ते म्हणवत नाही. ज्या विजेवर वडिलांनी आम्हांला पदवीधर केले, तिला नको म्हणणे हा कृतघ्नपणा ठरेल. आमचे म्हणणे इतकेच, की ज्याला आपण शाश्वत म्हणतो ते कोणासाठी शाश्वत, हे विचारावे. २००८ च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणात प्रकल्पग्रस्त कुटुंबाला दरमहा १०० युनिटे वीज दहा वर्षे देण्याची तरतूद आली. चांगली गोष्ट आहे. पण उकाई त्याच्या कितीतरी आधीची. आणि दहाच वर्षे का, हे आम्हांला समजलेले नाही. जमीन दहा वर्षांसाठी बुडत नाही. जोवर यंत्र फिरते तोवर त्या कुटुंबाचा त्यात वाटा असावा. मग त्या विजेला निर्मळ म्हणताना जीभ अडखळणार नाही. आणि जेथे लोकांना नको आहे, तेथे थांबताही यावे. पार-तापी-नर्मदा जोडप्रकल्पाला दक्षिण गुजरातच्या आदिवासींनी विरोध केला, तेव्हा राज्य सरकारने मे २०२२ मध्ये तो मागे घेण्याचे जाहीर केले. १९७२ साली अशी विचारपूस कोणी केली नव्हती.

आई जाऊन आता बरीच वर्षे झाली. सेवानिवृत्तीनंतर आम्ही बमरोलीतच आहोत. कागदपत्रांची कामे घेऊन मोहल्ल्यातील माणसे येतात. दाखले, अर्ज, वारसनोंदी. पुष्कळांना 'हे होणार नाही' असेच सांगावे लागते, कारण नियम बदललेले नाहीत. पण दारात एक खुर्ची आम्ही कायम ठेवली आहे. माणूस आला की आधी त्याला बसायला सांगतो, पाणी देतो, आणि मग त्याचा कागद हातात घेतो.

त्या वृद्धाचा सर्व्हे नंबर आम्हांलाही अजून पाठ आहे. दर जेठात वर्तमानपत्रात उकाईची पातळी किती खाली गेली ते आम्ही पाहतो, आणि बांधाचा तो दगड यंदा उघडा पडला असेल का, याचा मनाशी अंदाज करतो. मग सांज होते, गल्लीत दिवे लागतात, आणि आमचे हात आपोआप जोडले जातात.